हरिण आणि रानडुकरांच्या शिकारीसाठी स्वस्त एकबारी रायफल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरीनिमित्त टेक्ससमध्ये आलेले किंवा इथेच स्थायिक झालेले मराठी मित्र शिकारीबद्दल बरंच काही विचारतात. त्यातले बहुतेक प्रश्न शेवटी एकाच जागी येऊन थांबतात: पहिली रायफल कोणती घ्यावी आणि तिच्यावर किती खर्च करावा? माझं मत आधीच सांगतो. नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं साधी, स्वस्त एकबारी रायफल घ्यावी आणि वाचलेले पैसे काडतुसांवर आणि सरावावर खर्च करावेत. नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत आणि ते बदलतही राहतात. त्यामुळे आपल्या राज्याच्या वन्यजीव खात्याची चालू वर्षाची पुस्तिका वाचल्याशिवाय रानात जाऊ नका.

एकबारी रायफल म्हणजे नेमकी कशी?

एका वेळी एकच काडतूस. मॅगझिन (जास्तीची काडतुसं ठेवायची पेटी) नाही, बोल्टही (हातानं मागेपुढे सरकवून काडतूस भरायचा दांडा) नाही. खटका दाबला की नळी बिजागरीवर खाली झुकते. मागून काडतूस घालायचं, नळी मिटायची, घोडा मागे ओढायचा आणि चाप दाबायचा. गावाकडे कुणाच्या घरी काडतुसाची एकनळी बंदूक पाहिली असेल तर रचना तीच. फरक इतकाच की रायफलच्या नळीत आतून आटे असतात आणि छऱ्यांऐवजी एकच गोळी सुटते.

रुगर नंबर १ सारख्या काही एकबारी रायफलींची नळी मोडत नाही. तरफ खाली ओढली की नळीमागचा पोलादी ठोकळा खाली सरकतो. फार देखणी रायफल आहे ती, पण किंमत हजार डॉलरच्या बरीच वर जाते. म्हणून इथे मोडत्या नळीच्या रायफलींबद्दलच बोलू.

तेवढ्याच पैशात चार गोळ्यांची बोल्ट रायफल मिळते. मग एकबारी का घ्यायची?

प्रश्न अगदी रास्त आहे. सॅव्हेज ॲक्सिस किंवा रुगर अमेरिकन या बोल्ट रायफली साधारण त्याच किमतीत मिळतात, नेमाला अचूक आहेत आणि दुसरी गोळी लगेच तयार असते. निव्वळ सोय पाहायची असेल तर बोल्ट रायफल घ्या, पस्तावणार नाही.

तरीही नवख्याला मी एकबारी सुचवतो, कारण ती भरलेली आहे की रिकामी हे एका नजरेत कळतं. नळी मोडली की सगळं उघड्यावर येतं. मॅगझिनमध्ये एखादी गोळी राहून गेली अशी शक्यताच नाही. कुंपण ओलांडताना, मचाणावर चढताना, गाडीपाशी परतल्यावर नळी मोडून हातात धरली की सोबतच्या सगळ्यांना दुरूनही दिसतं की बंदूक निर्धोक आहे. शिकारीतले अपघात बहुधा अशाच किरकोळ क्षणी होतात.

दुसरं कारण लांबीचं. बोल्टला मागेपुढे सरकायला जी जागा लागते ती इथे लागत नाही. त्यामुळे तेवढ्याच लांबीची नळी असूनही रायफल चार-पाच इंचांनी आखूड भरते. टेक्ससमध्ये शिकारी बसतात त्या बंदिस्त खोक्यासारख्या मचाणात, छोट्या खिडकीतून नेम धरताना हा फरक फार जाणवतो.

तिसरं कारण शिस्तीचं आहे आणि माझ्या दृष्टीनं तेच सगळ्यांत मोठं. एकच गोळी हातात असली की माणूस थांबायला शिकतो. हरिण आडवं उभं राहीपर्यंत वाट पाहतो, फांदी मधे आहे का बघतो, मागे काय आहे ते बघतो. शंका असेल तर बार सोडतच नाही. ही सवय एकदा लागली की पुढे कुठलीही रायफल घ्या, ती टिकते.

मी एच-१बी व्हिसावर आहे. मला रायफल विकत घेता येईल का?

आपल्या लोकांत सर्वाधिक गोंधळ इथे आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

केंद्रीय कायद्याचा मूळ नियम असा आहे की नॉनइमिग्रंट व्हिसावर आलेल्या परदेशी नागरिकाला बंदूक किंवा काडतुसं बाळगता येत नाहीत. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१, बी-२ हे सगळे त्यात आले. या नियमाला काही अपवाद आहेत. त्यातला आपल्या कामाचा म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्यानं दिलेलं वैध शिकार लायसन्स. ते जवळ असेल तर केंद्रीय कायद्यानुसार खरेदी करता येते आणि रायफल बाळगताही येते.

दोन गोष्टी नीट समजून घ्या. लायसन्सची मुदत संपली की अपवादही संपतो, आणि घरातल्या कपाटात पडून असलेली रायफल बेकायदा ठरू शकते. शिवाय राज्याचा कायदा याहून कडक असू शकतो. इथे चूक झाली तर निव्वळ दंडावर भागत नाही, व्हिसा आणि ग्रीन कार्ड दोन्ही धोक्यात येतात. रायफलच्या आधी इमिग्रेशन वकिलाची तासाभराची फी भरा.

ग्रीन कार्डधारकाला हा अडथळा नाही. परवानाधारक विक्रेत्याकडे तुम्ही फॉर्म ४४७३ भरता, ओळखपत्र आणि एलियन नंबर (ग्रीन कार्डावरचा क्रमांक) देता, आणि एफबीआयच्या यंत्रणेतून पार्श्वभूमी तपासली जाते. केंद्रीय कायद्यानं रायफल खरेदीचं किमान वय १८ आहे, काही राज्यांत २१. ऑनलाइन मागवलेली रायफलही थेट घरी येत नाही. ती परवानाधारक दुकानात येते आणि फॉर्म तिथे भरावा लागतो.

मित्राकडे ग्रीन कार्ड आहे. त्याच्या नावावर घेतली तर?

नाही. स्वतःसाठी घेतोय असं फॉर्मवर लिहून दुसऱ्यासाठी बंदूक घेणं हा केंद्रीय गुन्हा आहे. पैसे कुणी दिले, दोघं किती जवळचे आहेत, यानं काही फरक पडत नाही. मित्राला अडकवू नका.

याच ओघात आणखी एक सांगायला हवं. आई-बाबा टुरिस्ट व्हिसावर आले की हौसेनं त्यांना रेंजवर नेऊन हातात रायफल दिली जाते, फोटो काढले जातात. शिकार लायसन्स नसेल तर तेवढंही बेकायदा ठरू शकतं. फोटो काढायला ग्रँड कॅन्यन आहे.

एकूण किती पैसे धरायचे?

नवी एकबारी रायफल साधारण ३५० ते ६०० डॉलरमध्ये येते, जुनी थोडी स्वस्त. बरी दुर्बीण १५० ते २०० डॉलर. वीस काडतुसांचा डबा कॅलिबरप्रमाणे (म्हणजे गोळीच्या जाडीप्रमाणे आणि काडतुसाच्या प्रकाराप्रमाणे) २५ ते ४५ डॉलर. मोसमाआधी सरावासाठी किमान चार-पाच डबे लागतील हे आत्ताच धरून चला. नवखे लोक इथेच कंजूषपणा करतात आणि रायफलवर मात्र शंभर डॉलर जास्त घालतात.

यात लायसन्स आणि हंटर एज्युकेशनचा खर्च मिळवा. टेक्ससमध्ये २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येक शिकाऱ्याला हे प्रशिक्षण सक्तीचं आहे. रायफल आणि काडतुसांच्या किमतीत कारखानदाराकडून घेतलेला ११ टक्के केंद्रीय करही असतो. १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानं तो पैसा राज्यांच्या वन्यजीव संवर्धनाकडे वळवला. एकेकाळी अमेरिकेत जवळजवळ संपत आलेलं पांढऱ्या शेपटीचं हरिण आज गल्लीबोळात दिसतं, त्यात या पैशाचा मोठा वाटा आहे. ही व्यवस्था मला मनापासून आवडते.

नव्यांपैकी कोणती बघावी?

सीव्हीए कंपनीच्या स्काउट आणि हंटर या पहिल्या बघा. नळी स्पेनच्या बर्गारा कारखान्याची असते आणि या किमतीत एवढी चांगली नळी दुसरीकडे मिळणं अवघड आहे. वजनाला हलकी, चाप बरा आणि कॅलिबर भरपूर. सगळा हिशेब धरला तर माझी पहिली शिफारस हीच.

हेन्रीची सिंगल शॉट २०१७च्या सुमारास आली. अक्रोडाचा दस्ता, घट्ट बसणारे सांधे, थोडं जास्त वजन आणि थोडी जास्त किंमत. लाकूड-पोलादाची हौस असेल तर शंभर-दीडशे डॉलर जास्त देऊन ही घ्या, आयुष्यभर पुरेल. ट्रॅडिशन्स कंपनीची आउटफिटर आणि ब्राझीलच्या रोसीच्या एकबारी रायफलीही दुकानात दिसतात. चालतात. रोसी घेताना चाप स्वतः दाबून बघा, एका नगात आणि दुसऱ्यात फरक जाणवतो.

जुनी हँडी-रायफल मिळतेय. घ्यावी का?

हॅरिंग्टन अँड रिचर्डसनची हँडी-रायफल म्हणजे कष्टकऱ्यांची रायफल. मॅसॅच्युसेट्समधल्या गार्डनर इथे बनायची. काहींवर न्यू इंग्लंड फायरआर्म्स असा शिक्का असतो, वस्तू तीच. २००० साली मार्लिननं कंपनी घेतली, नंतर मार्लिनच रेमिंग्टनच्या हाती गेली आणि २०१५मध्ये हे उत्पादन बंद पडलं. दणकट, साधी, दुरुस्तीला सोपी अशी रायफल बंद व्हावी याचं वाईट वाटतं. जुन्या बाजारात अजून भरपूर आहेत. चांगल्या अवस्थेतली मिळाली तर जरूर घ्या, पण तपासून.

आधी नळी मोडून ती रिकामी असल्याची खात्री करा. मग नळी मिटून एका हातात नळी, दुसऱ्या हातात दस्ता धरून हलवून बघा. सांध्यात खडखड नको. उजेडाकडे धरून नळी आणि सांगाडा (चाप आणि घोडा बसवलेला मधला भाग) यांच्या मधली फट बघा, दोन्ही बाजूंना सारखी हवी. नळीतून आरपार पाहा: आटे तीक्ष्ण दिसले पाहिजेत, खड्डे नकोत. नळीचं पुढचं तोंड बोटानं चाचपा. तिथे ठेच लागलेली असेल तर नेम कधीच जमणार नाही. घोडा ओढून ठेवा आणि चापाला हात न लावता तो अंगठ्यानं पुढे ढकलून बघा, निसटता कामा नये. शेवटी पुढचं लाकूड एका स्क्रूवर असतं ते काढायला सांगा. पावसात भिजलेल्या रायफलचा गंज नेमका तिथे लपलेला असतो. विक्रेता लाकूड काढू देत नसेल तर नमस्कार करून निघा.

आणखी एक. या रायफलीची दुसरी नळी वेगळी विकत घेऊन घरी बसवता येईल असं समजू नका. कारखाना चालू होता तेव्हा सांगाडा कारखान्यात पाठवून नळी जुळवून घ्यावी लागायची. दुसऱ्याची नळी आपल्या सांगाड्यावर बसलीच तरी ती नीट बंद होते की नाही, हे तज्ज्ञ गनस्मिथलाच ठरवू द्या.

कॅलिबर कोणतं घ्यावं?

एकच रायफल, हरिण आणि डुक्कर दोन्ही, आणि नियमांची आडकाठी नसेल तर .३०८ विंचेस्टर किंवा ७ एमएम-०८. पहिलं १९५२चं, कुठल्याही गावातल्या दुकानात मिळतं. दुसरं त्याच पुंगळीची (काडतुसाच्या धातूच्या कवचाची) मान आवळून केलेलं, धक्का थोडा कमी आणि हरणासाठी अगदी पुरेसं. हलक्या एकबारी रायफलमध्ये मला ७ एमएम-०८ जास्त पटतं. काडतुसं मात्र आधी हेरून ठेवावी लागतात.

खांद्याला धक्का सोसत नसेल, किंवा मुलीला-मुलाला शिकवायचं असेल, तर .२४३ विंचेस्टर. ९५ ते १०० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) चांगली, खोल शिरणारी गोळी घेतली तर हरणाला भरपूर आहे. मोठ्या सुळेवाल्या डुकराला मात्र जागा अचूक धरावी लागते. ६.५ क्रीडमोर हे .२४३ आणि ७ एमएम-०८ यांच्या मधे बसतं.

.३०-३० विंचेस्टर १८९५पासून हरणं पाडतंय. एकबारीत त्याला एक वेगळा फायदा मिळतो. लिव्हर रायफलीत (चापाखालची तरफ ओढून भरायच्या) काडतुसं नळीच्या आकाराच्या मॅगझिनमध्ये एकामागे एक बसतात. टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या टोपीवर टेकून स्फोट होऊ नये म्हणून तिथे गोळीचं तोंड चपटं ठेवावं लागतं. एकबारीत मॅगझिनच नाही. त्यामुळे घरी काडतुसं भरणाऱ्याला टोकदार गोळी वापरता येते आणि ती दूरवर वेग चांगला राखते. शिवाय .३०-३०च्या पुंगळीला बुडाशी कडा असते. मोडत्या नळीच्या रायफलला अशी कडेची पुंगळी फार मानवते, कारण ओढणारा खटका कडेला सहज धरतो आणि पुंगळी अडकत नाही. .४४ मॅग्नम आणि .४५-७० यांनाही अशीच कडा आहे.

.४५-७० गव्हर्नमेंट हे १८७३चं अमेरिकन लष्कराचं काडतूस. दाट झाडीत, ऐंशी-शंभर यार्डांवर रानडुकरासाठी याच्याइतकं खात्रीचं दुसरं मला माहीत नाही. पण हलक्या रायफलीत याची आधुनिक जोरदार काडतुसं खांदा सोलून काढतात. नवख्यानं यापासून सुरुवात करू नये.

.२२३ रेमिंग्टननं लोक डुकरं मारतात, टेक्ससमध्ये हरणालाही ते कायद्यानं चालतं. मी मात्र एकबारीत ते सुचवणार नाही. एकच गोळी आहे, तर ती पुरेशी वजनदार असू द्या. साधी .२२ रिमफायर (जिच्या काडतुसाच्या कडेवर मार बसतो) टेक्ससमध्ये हरणासाठी बेकायदा आहे.

मी टेक्ससमध्ये नाही. माझ्या राज्यात काय?

इथे एकबारीचं नशीब अचानक उघडतं. इलिनॉयमध्ये वर्षानुवर्षं हरणासाठी रायफल वापरताच येत नव्हती, शॉटगन किंवा ठासणीची बंदूक लागायची. २०२३पासून तिथे रायफल चालते, पण फक्त एकबारी, आणि तीही ठरावीक काडतुसांचीच: .३० किंवा त्याहून मोठी गोळी आणि सरळ पुंगळी, किंवा आवळलेल्या मानेची असेल तर पुंगळीची लांबी १.४ इंचांपेक्षा जास्त नको. .३५० लेजंड, .४५० बुशमास्टर, .३०० ब्लॅकआउट ही त्यात बसतात, .३०८ बसत नाही. शिकागोकडच्या मंडळींनी लक्षात ठेवावं की कूक, ड्यूपेज आणि लेक या काउंट्यांत बंदुकीनं हरणाची शिकार बंदच आहे, बाहेर जावं लागतं.

ओहायोतही हरणासाठी सरळ पुंगळीचा नियम आहे. तिथे .३५० लेजंड हे २०१९मध्ये आलेलं काडतूस उत्तम: धक्का हलका, दीडशे यार्डांपर्यंत भरवशाचं, आणि काडतुसं परवडणारी. लुइझियानात ‘प्रिमिटिव्ह’ शस्त्रांच्या खास मोसमात .३५ किंवा मोठ्या कॅलिबरची, घोडा बाहेर असलेली एकबारी रायफल चालते. त्या भागात .३५ व्हेलेनमधल्या एकबारी रायफली एवढ्या खपतात त्या याच कारणानं.

एडिसन आणि जर्सी सिटीच्या वाचकांसाठी: न्यू जर्सीत हरणाला सेंटरफायर रायफल (काडतुसाच्या बुडाच्या मधोमध मार बसणारी, म्हणजे वरच्या बहुतेक सगळ्या) चालत नाही. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात चालते. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९पासून शिकारीसाठी शिसं नसलेलीच गोळी वापरावी लागते. म्हणून कॅलिबर निवडताना त्यात तांब्याची गोळी सहज मिळते का ते आधी बघा.

धक्का फार बसतो का?

हो, बोल्ट रायफलपेक्षा जाणवतो, कारण वजन कमी असतं. चांगल्या रबरी पॅडचा दस्ता घ्या. रेंजवर खांद्यावर जाड पॅड बांधा, एका बैठकीत पंधरा-वीसपेक्षा जास्त बार नकोत. धक्क्याची भीती बसली की चाप दाबण्याआधीच डोळे मिटतात आणि ती खोड मोडायला फार वेळ लागतो.

दुर्बीण कुठली आणि कशी बसवायची?

२-७ किंवा ३-९ (म्हणजे दोन ते सात किंवा तीन ते नऊ पट मोठं दाखवणारी) पुरे. हरणं आणि डुकरं बहुधा दीडशे यार्डांच्या आतच दिसतात, मोठ्या वाढीची दुर्बीण वजन वाढवते आणि जवळचं चित्र अरुंद करते. लिओपोल्ड, व्होर्टेक्स, बर्रिस यांच्या साध्या श्रेणीतली कोणतीही घ्या.

एकबारीत एक अडचण येते. घोडा बाहेर असतो आणि दुर्बीण बरोबर त्याच्या डोक्यावर. अंगठा आत जात नाही. घोड्याला बाजूला बसवायचा छोटा दांडा मिळतो, तो बसवूनच घ्या. हातमोजे घातलेल्या थंड बोटांनी घोडा निसटणं हा या रायफलींतला खरा धोका आहे.

भरलेल्या रायफलीचा घोडा उतरवायचा कसा?

बार सोडायचा नाही असं ठरलं की आधी नळी सुरक्षित दिशेला वळवा. अंगठ्यानं घोडा घट्ट धरा, चाप हलकेच दाबा, घोडा सुटला की लगेच चापावरून बोट काढा आणि मग घोडा सावकाश खाली आणा. हँडी-रायफलमध्ये चाप दाबलेला असतानाच मधली पट्टी वर येते आणि घोड्याचा मार पिनेपर्यंत पोचवते. बोट वेळेवर काढलं की पट्टी खाली जाते आणि मार पोचतच नाही. बाकीच्या रायफलींची यंत्रणा थोडी वेगळी असू शकते, सोबतची पुस्तिका वाचा. घरी रिकाम्या रायफलवर हे इतकं करा की अंधारातही जमेल.

माझ्या गोळ्या एका जागी का पडत नाहीत?

मोडत्या नळीच्या रायफलचा नेम बोल्ट रायफलपेक्षा जास्त लहरी असतो, कारण पुढचं लाकूड थेट नळीला जोडलेलं असतं. त्यावरचा दाब बदलला की गोळी सरकते. म्हणून टेकू नळीखाली कधी देऊ नका, बिजागरीच्या जवळ द्या, आणि दर वेळी त्याच जागी द्या. लाकडाचा स्क्रू प्रत्येक वेळी सारखाच आवळलेला हवा. नळी बारीक असल्यानं लवकर तापते, दोन-तीन बारांनंतर ती मोडून ठेवा आणि थंड होऊ द्या. शिकारीत महत्त्वाचा असतो तो थंड नळीतला पहिला बार.

शंभर यार्डांवर दोन इंचांच्या वर्तुळात तीन गोळ्या पडल्या तर ही रायफल हरणासाठी उत्तम आहे. .३०८ किंवा ७ एमएम-०८ असेल तर शंभर यार्डांवर दीड इंच वर लावून ठेवा, दोनशेच्या आसपास नेम जवळजवळ थेट राहतो.

पहिला बार चुकला किंवा जनावर नुसतं जखमी झालं तर?

बार होताच, काय झालं ते बघत बसण्याआधी, पुन्हा काडतूस भरा. ही सवय रेंजवरच लावायची. दस्त्यावर काडतुसांची पट्टी चढवा, किंवा एक काडतूस डाव्या हाताच्या बोटांत धरा. सराव असेल तर चार-पाच सेकंदांत दुसरा बार तयार होतो. जुन्या हँडी-रायफलींपैकी काही पुंगळी बाहेर फेकतात, काही फक्त वर उचलतात. दुसऱ्या प्रकारात नखानं ओढून काढावी लागते, तेवढा वेळ धरा.

छातीत नीट लागलेलं हरिणही पन्नास-शंभर यार्ड धावतं. ते जिथे उभं होतं आणि जिथे शेवटचं दिसलं त्या दोन्ही जागा मनात पक्क्या करा. अर्धा तास थांबा, मग रक्ताचा माग काढा. पोटात लागल्याची शंका असेल तर कित्येक तास थांबा, नाहीतर ते उठून आणखी दूर जातं. जखमी जनावर शोधायचा जीव तोडून प्रयत्न करायचा. अंधार झाला, पाय दुखले, या सबबी नाहीत.

डुकरांचा तर कळप असतो. एका गोळीनं काय होणार?

तुमचा हेतू काय आहे त्यावर आहे. हर्नान्डो दे सोतो या स्पॅनिश मोहीमकाऱ्यानं १५३९मध्ये फ्लोरिडात डुकरं आणली, आणि आज केंद्रीय कृषी खात्याच्या अंदाजानं देशात साठ लाखांहून जास्त रानटी डुकरं आहेत. एकट्या टेक्ससमध्ये वीस-पंचवीस लाखांचा अंदाज सांगितला जातो. शेतं उकरून काढतात. शेतकऱ्याचं नुकसान थांबवायचं असेल तर अख्खा कळप धरणारे मोठे पिंजरे लागतात, एकबारी त्या कामाची नाही. पण फ्रीझरमध्ये मांस हवं असेल तर एक मध्यम मादी पुरे आहे, आणि त्यासाठी एक गोळी पुरे आहे. टेक्ससमध्ये खासगी जमिनीवर मालकाची परवानगी असेल तर सप्टेंबर २०१९पासून डुकरासाठी शिकार लायसन्ससुद्धा लागत नाही. मात्र व्हिसावर असाल तर वर सांगितलेल्या अपवादासाठी तुम्हाला लायसन्स लागेलच.

डुकराला गोळी कुठे मारायची?

हरणासारखं खांद्याच्या मागे मारू नका. डुकराचं काळीज आणि फुप्फुसं पुढे आणि खाली असतात, जवळजवळ पुढच्या पायांच्या मधे. आडवं उभं असेल तर पुढच्या पायाच्या रेषेत, अंगाच्या खालच्या तिसऱ्या भागात नेम धरा. मोठ्या नराच्या खांद्यावर चिवट कुर्च्यासारखी जाड ढाल असते, म्हणून पटकन फुटणारी हलकी गोळी नको. पन्नास यार्डांच्या आत, स्थिर टेकू असेल आणि हात बसलेला असेल तर कानामागे. मादीसोबत पिल्लं असतील, किंवा नर नुसता जखमी झाला असेल, तर झाडीत घाईनं शिरू नका.

मांस खाण्यासारखं असतं का?

हरणाचं मांस अप्रतिम. चरबी नसते, त्यामुळे आपला मटणाचा रस्सा करताना तेल थोडं जास्त लागतं आणि मंद आचेवर वेळ द्यावा लागतो. डुकराचं मांसही चवदार, विशेषतः साठ-सत्तर पौंडांच्या जनावराचं. रानडुकरांत ब्रुसेलोसिस हा माणसाला होणारा आजार असतो, म्हणून साफ करताना रबरी हातमोजे घाला आणि हाताला जखम असेल तर दुसऱ्याला करू द्या. मांस आतपर्यंत १६० अंश फॅरनहाइटपर्यंत शिजलं पाहिजे. टेक्ससच्या उन्हात वेळ हातात नसतो, बर्फाची पेटी गाडीत तयार ठेवूनच निघा.

दुसऱ्या राज्यात विमानानं नेता येते का?

हो. रिकामी, कडक पेटीत, कुलूप लावून, काउंटरवर जाहीर करून, चेक-इन सामानात. जिथे उतरणार तिथला कायदा आधी वाचा. एकबारीचे नळी, दस्ता आणि पुढचं लाकूड असे तुकडे होतात, त्यामुळे छोट्या पेटीतही मावते.

सुट्टीत भारतात नेऊन गावी डुकरं मारता येतील का?

नाही. शस्त्र कायद्याचा परवाना नसताना बंदूक भारतात नेणं हा गंभीर गुन्हा आहे आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार शिकारीवर बंदी आहे. कोकणात आणि विदर्भात रानडुकरं पिकांची वाट लावतात हे खरं आणि शेतकऱ्याचं दुःखही खरं. पण तिथे वनखात्याच्या परवानगीची वेगळी प्रक्रिया आहे आणि ती त्या शेतकऱ्यासाठी आहे, सुट्टीवर आलेल्या पाहुण्यासाठी नाही.

घरात लहान मुलं आहेत. ठेवायची कशी?

रायफल पोलादी कपाटात कुलपात, काडतुसं दुसऱ्या कुलपात, दोन्ही चाव्या मुलांच्या हाती न लागतील अशा. एकबारीचे तुकडे करून नळी वेगळ्या जागी ठेवली तर आणखी बरं. आणि पाहुणे येणार असतील त्या दिवशी कुलपं पुन्हा एकदा ओढून बघा.